पाठमोरं इरकल

‘हात जरा वर घे, आक्का. अजून. हां. आता श्वास रोखून धर.’

‘श्वास तू घे. मला नसला तरी चालतंय,’ मी म्हणाले.

रंगू हसला नाही. त्यानं ब्रश बादलीत बुडवला आणि माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, खळीचा गार पट्टा ओढला. मे महिना होता. डोक्यावरचे पत्रे तापून कडकड वाजत होते आणि मी मात्र शहारले.

‘हलू नकोस.’

‘खळ गार आहे.’

‘आईची पाठ हालत नव्हती.’

मी पाठ ताठ धरली. आमच्या घरामागे मागाची जुनी शेड होती. नवऱ्यानं माग विकले, मग तो स्वतःही गेला, शेड तेवढी राहिली. आजूबाजूला मात्र सगळे माग चालू. इचलकरंजीत आमच्या गल्लीत दिवसा बोलायचं तर तोंड कानाजवळ न्यावं लागतं. त्या खडखडाटात मी आईचं नऊवारी इरकल लुगडं नेसून, पदराचं टोक तोंडाशी धरून, एक पाय पुढं टाकलेला अशी उभी होते आणि माझा धाकटा भाऊ मला पायापासून वर खळीनं माखत चालला होता. मैद्याची खळ, तिच्यात सरस, आणि वाळवी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आतून मी अंगभर खोबरेल चोपडलं होतं, रंगूचा जुना लेंगा आणि बंडी घातली होती आणि त्यावर सुताच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक गुंडाळलं होतं. खळ वाळून लुगडं उभं राहिलं की मी अलगद बाहेर यायचं आणि आत कुणी नसलेलं लुगडं तिथंच चालत राहायचं. असं ठरलं होतं.

माझी खानावळ आहे. इतकी वर्षं माणसं जेवताना बघितली की त्यांचं तोंड बघावं लागत नाही. कोण पहिल्यांदा स्वतःच्या वाटीकडं बघतो, कोण शेजाऱ्याच्या, कोण वाढणारीच्या हाताकडं, एवढ्यावर माणूस उलगडतो. माझ्या डोक्यात प्रत्येकाचं एक खातं आहे. पैशाचं नव्हे, ते फळ्यावर असतं. कोण घेऊन गेला, कोण ठेवून गेला, त्याचं. रंगूचं खातं मला कधी जुळवता आलं नाही, कारण तो ताटाकडं बघतच नसे. मी भाकरी टाकली की खायचा, नाही टाकली की उठायचा.

रंगनाथ सातपुते दगडातला माणूस. कोल्हापुरात शाळेतल्या पोरांना मूर्तिकला शिकवायचा आणि उरलेला वेळ छिन्नी घेऊन बसायचा. बसता बसता दगडाची सगळी धूळ छातीत साठली. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आता दगडाजवळ गेलात तर मला बोलवू नका, भटजींना बोलवा. त्यानं लग्न केलं नव्हतं. एक ट्रंक आणि छिन्न्यांची पिशवी घेऊन माझ्या दारात आला. छिन्न्या शेडमध्ये खिळ्यांना टांगल्या आणि त्यांच्याकडं बघत बसायला लागला. चार पावलं चालला की भिंत धरायचा. रात्री त्याच्या छातीतला आवाज ऐकून मला वाटायचं, आमच्याही शेडमधला एखादा माग चालू राहिलाय.

कापड त्याला माझ्याच दोरीवर सापडलं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं धोतर मी खळ घालून वाळत टाकलं होतं. काढायला गेले तर ते इतकं ताठ झालेलं, की हातातून निसटून खाली पडलं ते पडलंच नाही, उभं राहिलं. क्षणभरच. पण रंगूनं ते बघितलं. त्या दिवशी तो स्वतःहून मागून दोन भाकऱ्या जेवला.

मग घरात एक कापड जागेवर राहीना. टॉवेल, पोती, गिऱ्हाइकांचे फाटके सदरे. महिन्याभरात शेडमध्ये माझी पंगत बसली. नुसते सदरे आणि लेंगे, मांडी घालून, आत माणूस नाही. तरी कोण कुठला ते ओळखू यायचं. दस्तगीर रिक्षावाला माझ्याकडंच जेवायचा. त्यानं आपला खाकी सदरा ओळखला, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘माझ्यापेक्षा बरा बसलाय की. निदान पाठ तरी सरळ हाय.’

‘कसं वाटलं?’ मी विचारलं.

‘चांगलं हाय. पर पुतळा म्हणायचा तर ठोकल्यावर वाजला पायजे. ह्येला पावसात न्या, पिठलं हुईल.’

रंगूला हे फार लागलं. दोन दिवस शेडकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापत असताना चुलीपाशी येऊन बसला.

‘आक्का, आईचं लुगडं दे.’

मी परात बाजूला सारली नाही. थापत राहिले. ‘कशाला?’

‘तिची पाठ करायचीय.’

‘एवढं आयुष्य दगड फोडलास, तेव्हा नाही केलीस.’

‘केली. दरवेळी केली. दगडात ती उभीच ऱ्हाते. जात न्हाई.’

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते, तो पाच. तिला छातीचा रोग झाला होता. मागावर काम करणाऱ्या बायकांना तेव्हा तो पडशासारखा व्हायचा. मामा तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला आला. दुपारची वेळ. आई हिरवं लुगडं नेसून, पदर तोंडाशी धरून निघाली. रंगू तिच्यामागं धावायला निघाला म्हणून मी त्याचा दंड धरून उंबऱ्यात उभी राहिले. गल्ली सरळ होती, लांबपर्यंत दिसायचं. ती गेली. वळून बघितलं नाही. पुन्हा आली नाही. मुलांना दवाखान्यात येऊ देत नव्हते, आणि अंगावरचं लुगडंही तिथंच जाळलं. घरात उरलं ते एक इरकल, तिच्या नेसण्यातलं, माझ्या ट्रंकेच्या तळाशी.

लहानपणी रंगू दर दोन दिवसांनी विचारायचा, ‘आक्का, तिनं वळून बघितलं व्हतं का? मी रडत व्हतो, मला दिसलं नसंल.’ मी सांगायचे, ‘नाही बघितलं.’ खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं शेजारणी म्हणायच्या. पण मी दंड धरून उभी होते, डोळे उघडे होते. नाही बघितलं म्हणजे नाही. पुढं त्यानं विचारायचं सोडलं आणि दगड घेतला.

‘देते,’ मी म्हणाले. ‘पण ऐकून ठेव. कात्री लावायची नाही. सुई टोचायची नाही. आईनं नेसलं तसं नेसवायचं, काष्टा घालून, अखंड.’

‘व्हय.’

‘आणि ते नेसणार कोण?’

त्यानं माझ्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी बघितलं. ‘तू मागनं आईसारखी दिसतीस,’ तो म्हणाला. ‘म्होरनं न्हाई.’

घाई होती ती दोघांनाही माहीत होती. त्याच्या औषधाच्या फवाऱ्यानं आधी दिवसभर भागायचं, आता पाणी भरून येईपर्यंतही भागत नव्हतं. लुगडं एकच. छातीत भाता असेपर्यंत एकदाच जमलं तर जमलं. म्हणून त्या दिवशी मी खानावळीच्या दारावर ‘आज बंद’ लिहिलं. गिऱ्हाइकं दाराशी येऊन, वाचून, पुन्हा वाचून, कुणीतरी मेल्यासारखं तोंड करून गेली.

तर मी उभी होते. कमरेपर्यंतची खळ धरत आली होती. मागच्या बाजूला रंगू नुसता वेडा झाला होता. एक निरी बोटानं सोडवायचा, लांब जायचा, खांबाला टेकून धापा टाकायचा, पुन्हा यायचा, तीच निरी दाबायचा. आमच्या वाट्याला आई तेवढीच आली होती, मान आणि पाठ आणि काष्ट्याचा हिसका, आणि तो ती गोळा करत होता. मला दिसत काहीच नव्हतं, पण त्याच्या धापेवरून कळत होतं की जमतंय.

‘आक्का.’

‘बोल.’

‘झाली. पाठ झाली. आता फक्त पदर राह्यला.’ त्याचा आवाज पाच वर्षांच्या पोराचा होता. ‘तीच हाय. चाललीय.’

पदरावर त्यानं बादलीतली उरलेली सगळी खळ ओतली, जाड, निथळती. माझे हात मनगटापर्यंत चिकट झाले.

‘रंग्या,’ मी म्हणाले, ‘मला जरा मोरीकडं जाऊन यायचंय.’

‘आत्ता? न्हाई. वाळल्यावर.’

‘वाळल्यावर तरी मी बाहेर येणार कशी?’

‘कशी म्हंजे? वरनं.’

‘वरनं कशी? पायातनं काष्टा गेलाय ना.’

ब्रश थांबला.

बाहेर माग खडखडत होते. मग तो सावकाश माझ्यासमोर आला. तोंडावर, भुवयांवर खळीचे शिंतोडे. त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. दोन पायांमधून पुढचं लुगडं मागं गेलेलं, मागं खोचलेलं, आणि सगळं पत्र्यासारखं धरत आलेलं. पाचवारी साडी असती तर घंटेतून लोलक काढावा तसं मला काढता आलं असतं. नऊवारीतून माणूस काढायचा तर एक तर लुगडं फेडायचं, नाही तर फाडायचं.

जन्मभर साचे केलेला माणूस. साच्याला सांधा आधी ठरवायचा, मग माती लावायची, हे त्यानं पोरांना किती वर्षं घोकवलं असेल. आणि मी, जन्मभर लुगडी नेसलेली बाई. मी त्याच्यावर सोपवलं होतं की त्यानं विचार केला असेल, त्यानं माझ्यावर.

‘कापू या मग,’ मी म्हणाले.

‘तूच म्हणालीस, कात्री लावायची न्हाई.’

‘म्हणाले. मग मी काय आता अशीच राहू? उद्या पंगत वाढायची आहे.’

‘वाढ की,’ तो म्हणाला. ‘बसता येणार न्हाई तेवढंच. तू तशीबी कुठं बसतीस?’

मी हसले. हसले तशी पोटावरची खळ तडतडली. ते ऐकून तोही हसला. किती वर्षांनी आम्ही दोघं एकदम हसत होतो कुणास ठाऊक. तो खांबाला धरून हसत होता, मी हलायचं नाही म्हणून ताठ उभी राहून हसत होते, डोळ्यांतून पाणी, पुसायला हात नाहीत. मग त्याच्या हसण्यात खोकला शिरला.

सुरुवातीला मला कळलंच नाही. तो वाकला. खोकला संपेना. मग खोकला संपला, आणि ते जास्त वाईट होतं. तोंड उघडं, खांदे वर, आणि आत काही जात नव्हतं. त्यानं खिशातून फवारा काढून तोंडात धरला. दाबला, दाबला. खाली टाकला. गुडघ्यावर आला. ओठ निळे पडायला लागले होते, मोरचुदाच्या रंगाचे.

‘दस्तगीर,’ मी ओरडले. ‘अरे कोण आहे का. धावा.’

दोन्ही बाजूंचे माग चालू होते. माझी हाक माझ्याच कानापर्यंत नीट येत नव्हती. इतर दिवशी वीज जायची. दिवसातून दहादा जायची, आणि त्या वेळी गेली नाही.

रंगू आडवा झाला होता. डोळे माझ्याकडं. हात हलवत होता. ये म्हणतोय की जा म्हणतोय, की हलू नकोस म्हणतोय, ते मला आजही सांगता येणार नाही. मी पाय उचलला.

पहिल्या पावलाला काष्ट्यातून चर्रकन आवाज आला. ओलं कातडं फाटावं तसा. दुसऱ्या पावलाला कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत सगळं अवघडून आडवं आलं, मग वाकलं. त्यानं बसवलेली एकेक निरी मोडत होती आणि नवी पडत होती. मान मागं वळत नव्हती; पाठीवरची खळ खांद्यापर्यंत फळीसारखी धरली होती. मी दार गाठलं, बोळ गाठला आणि गल्लीत आले.

रस्त्यावर मी कशी दिसत होते ते दस्तगीरनं पुढं बऱ्याच लोकांना सांगितलं. दोन कुत्री मागं लागली होती. पदर दोन्ही हातांना चिकटलेला, समोर धरलेला, ओटीत काही मागायला निघाल्यासारखा. तो कोपऱ्यावर रिक्षात पाय वर करून पडला होता.

‘गोदाक्का, कुठल्या जत्रंला निघालाय?’

‘रंगू चाललाय,’ मी म्हणाले.

त्यानं पाय खाली घेतले. रिक्षा थेट बोळात घातली. त्यानं रंगूला दोन्ही हातांनी उचलून मागं आडवा टाकला. मी शिरायला गेले तर बसता येईना. कंबर वाकते तेवढी वाकली, पुढं नाही. शेवटी मी पाय ठेवायच्या जागेत उभी, अर्धी ओणवी, खांद्यानं टपाला रेटा दिलेली, अशी राहिले. रंगूचं डोकं सीटच्या कडेवरून लोंबत होतं, प्रत्येक खड्ड्याला दांडीवर आपटत होतं. हातात पदर होता. ओला होता. मी तो दोन्ही हातांनी त्याच्या डोक्याखाली घातला आणि डोकं उचलून धरलं.

‘घे,’ मी म्हणत होते. ‘घे रे राजा. थोडा घे. एवढाच घे.’ भाकरी भरवताना म्हणतात तसं. आई गेल्यावर मी त्याला असंच म्हणायचे, तेव्हाही तो तोंड उघडायचा नाही.

मेची दुपार. दोन्ही बाजूंनी भट्टीसारखं वारं आत येत होतं. कोपऱ्यांवर दस्तगीर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. माझ्या अंगावर लुगडं घट्ट घट्ट होत चाललं होतं, आणि मला ते कळत होतं, आणि त्याचं काही वाटत नव्हतं. रंगूचा श्वास मोजावा म्हटलं तर मोजण्यासारखा नव्हता.

सरकारी दवाखान्यात त्याला पळवत आत नेलं. माझ्या हातातून त्याचं डोकं उचललं तेव्हा मागचे चार केस पदरात चिकटून राहिले. पदराचा तेवढा भाग त्याच्या डोक्याच्या मापाचा खोल झाला होता. मी हात खाली करायला गेले तर होईनात. सरळ व्हायला गेले तर होईना. व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून मी तशीच उभी राहिले, ओणवी, ओंजळ पुढं केलेली. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते. एका म्हाताऱ्यानं नमस्कार केला.

आतून काहीच कळत नव्हतं. एकदा कुणीतरी पळत बाहेर आलं, पळत आत गेलं. मी देवाला काही बोलले नाही. त्याच्याशी माझा व्यवहार नाही. आईला बोलले. म्हटलं, याला नेऊ नकोस. आधीच एक नेलं आहेस माझं. काय नेलं ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं सिस्टर बाहेर आली. फिलोमिना नाव तिचं, अंगानं बारीक, आवाजानं थोर.

‘सातपुते तुमचेच ना? नळी लावलीय. घेतायत श्वास.’ मग तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘अहो मावशी, हे काय नेसलाय? पत्रा?’

‘लुगडं आहे. आईचं.’

‘आणि असं वाकून काय उभ्या?’

‘यातून बाहेर यायचं आहे, बाई. येता येत नाही.’

तिनं खांद्यावर टिचकी मारली. टक आवाज आला. तिनं आणखी काही विचारलं नाही. मला चालवत, म्हणजे ढकलत, आत रंगूच्या कॉटजवळ नेलं, पडदा ओढला आणि प्लास्टर कापायची मोठी कात्री घेऊन आली.

रंगूच्या नाकातोंडावर मुखवटा होता. डोळे उघडे होते. तो बघत होता. मी त्याच्यासमोर, त्याच्यावर ओणवी, पदराची ओंजळ त्याच्या तोंडासमोर धरून. पहिल्यांदाच तो ते लुगडं पुढून नीट बघत होता.

‘कापा,’ मी सिस्टरला म्हणाले. ‘काही ठेवू नका.’

तिनं पदराला कात्री लावली. रंगूचा हात चादरीतून वर आला. नको, नको. सिस्टर थांबली. त्यानं बोट हवेत धरलं. शाळेतल्या पोरांना फळ्यावर दाखवत असेल तसं त्यानं त्या बोटानं एक रेघ ओढली. स्वतःच्या मानेपासून मागं, खाली, कमरेपर्यंत, आणि आणखी खाली.

‘पाठीवरनं?’ मी विचारलं. ‘रंग्या, पाठीवरनं कापायचं म्हणतोस?’

त्यानं डोळे मिटून उघडले.

सिस्टर माझ्यामागं गेली. मानेखालून कात्री आत शिरली. करकर, करकर. सगळ्या दुपारचं काम, त्याच्या साऱ्या दगडांचं काम, कमरेपर्यंत, काष्ट्याच्या खोच्यातून, दोन पायांच्या मधून. तो बघत होता. मग शेंग उकलावी तसं लुगडं मागून उकललं आणि मी उलट्या पावलांनी बाहेर आले. अंगावर भावाचा लेंगा आणि प्लास्टिक, खोबरेलानं निथळलेली. सिस्टरनं माझ्याभोवती चादर टाकली. लुगडं तिथंच कॉटपाशी राहिलं. पडलं नाही.

संध्याकाळी त्यानं मुखवटा बाजूला केला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर हातानं थांबवलं.

‘आक्का. तू जाताना वळून बघितलं न्हाईस.’

‘केव्हा?’

‘मी खाली पडलो व्हतो तवा. तू गेलीस. मला पाठ दिसत व्हती. दारापतुर.’

‘वळता कुठं येत होतं? आणि वळले असते तर पुढचं पाऊल पडलं नसतं.’

बाजूच्या कॉटवरचं कुणीतरी कण्हत होतं. मी मुखवटा पुन्हा त्याच्या तोंडावर ठेवायला गेले, तेव्हा तो म्हणाला, ‘मग तसंच असंल.’

एवढंच म्हणाला. मग मुखवटा मीच ठेवला.

लुगडं घरी आणलं दस्तगीरनं, रिक्षाच्या मागच्या बाजूला उभं बांधून. शेडमध्ये ठेवताना त्यानं बोटाच्या पेरानं ठोकलं. ‘वाजतंय की,’ तो म्हणाला आणि टोपी काढून हातात धरली.

मला वाटलं होतं, रंगू पाठ शिवून घेईल. शिवली नाही. खळ घातली नाही, एक निरीसुद्धा हलवली नाही. लुगड्याचं तोंड दाराकडं करून ठेवलं आणि छिन्न्यांची पिशवी खिळ्यावरून काढून माझ्या माळ्यावर टाकली. तो पावसाळा त्यानं काढला. एकदा मी चहा घेऊन गेले तर तो गुडघ्यांवर बसला होता, डोकं पदराच्या त्या खळग्यात ठेवून. बरोबर बसलं होतं. बसणारच, मापाचंच होतं. छातीतला माग हळू चालला होता. मी चहा परत आणला आणि स्वतः प्याले.

दिवाळीच्या आधी तो गेला. त्याचे जुने विद्यार्थी आले, मग मुंबईच्या संग्रहालयातली दोन माणसं आली, चष्मेवाली, शांत. सदऱ्यांची पंगत बघून त्यांचे डोळे ओलावले. इरकलापाशी बराच वेळ उभी राहिली. ‘हे सरांनी कसं केलं असेल?’ एकानं विचारलं.

‘रिक्षात,’ मी म्हणाले.

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. पंगत मी देऊन टाकली. इरकल दिलं नाही.

ती माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेड झाडायला गेले. बाहेर गिऱ्हाइकांची पंगत बसली होती, चूल पेटलेली होती, तरी गेले. लुगड्यावरची धूळ फडक्यानं टिपली. खळग्यात ते चार केस तसेच चिकटलेले होते, पांढरे. फडकं तिथं लावलं नाही.

मी माझ्या हातांनीच तो खळगा केला होता. तरी खाली बसायला मला वेळ लागला. गुडघे वाजले. डोकं ठेवलं तर बसेना. मागं अंबाडा आडवा येत होता. मी उठायला निघाले.

मग पुन्हा बसले. अंबाड्यातले आकडे एकेक काढले, ओळीनं जमिनीवर ठेवले, केस सोडले. डोकं ठेवलं.

‘आक्का, भाकरी,’ बाहेरून हाक आली.

माग चालू होते, तरी ती ऐकू आली. आणखी एकानं ताट वाजवलं.

‘बसा जरा,’ मी आतूनच म्हणाले.